स्वतःच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी विमा कसा निवडावा: बेळगाव सीमाभागातील नव्या मालकांसाठी मार्गदर्शन

नवा ट्रॅक्टर घेताना आपल्याकडचा शेतकरी अश्वशक्ती, डिझेलचा खप, हायड्रॉलिकची उचल आणि कर्जाचा हप्ता यांचा बारकाईने विचार करतो. विम्याचा कागद मात्र शोरूमने जो दिला तो पाकिटासह कपाटात जातो. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांत ट्रॅक्टर शिवारात जितका राबतो तितकाच रस्त्यावरही असतो. ऊस कारखान्यावर, शेणखत मळ्यावर, भात गिरणीवर आणि माणसे जत्रेला याच वाहनाने जातात. म्हणून ट्रॅक्टरचा विमा निवडताना हप्ता किती हा प्रश्न शेवटी यावा. आपला ट्रॅक्टर वर्षभरात नेमके कोणते काम करतो, त्याला काय जोडले जाते आणि त्यावर कोण बसते, हे आधी ठरले पाहिजे. विमा त्या उत्तरांना जुळला नाही, तर हप्ता भरूनही ऐन वेळी घर उघडे पडते.

कायद्याची किमान अट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो, असणे सक्तीचे आहे. ‘माझा ट्रॅक्टर शेतातच चालतो, मग विमा कशाला’ हा समज येथे फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा कायद्याने सार्वजनिक ठरते. त्यामुळे गावची पाणंद, ओढ्यावरचा पूल आणि बाजार समितीचे आवार ही सगळी ठिकाणे त्यात येऊ शकतात, आणि घराच्या अंगणातून मळ्यात जायचे म्हटले तरी बहुतेकांना असा रस्ता ओलांडावाच लागतो. विम्याशिवाय वाहन चालवल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात.

दंड ही त्यातली लहान गोष्ट आहे. अपघातात कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला कायमचे अपंगत्व आले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, मिळकत आणि अवलंबून असणारी माणसे पाहून भरपाई ठरवते, आणि तिला कोणतीही ठरावीक कमाल मर्यादा नाही. विमा असेल तर ही रक्कम कंपनी देते. विमा नसेल तर ती मालकाकडून वसूल होते, आणि कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकते. म्हणजे ज्या जमिनीसाठी ट्रॅक्टर घेतला तीच धोक्यात येते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र ट्रॅक्टरच्या पॉलिसीत साधारणतः ७.५ लाख रुपयांपर्यंत मर्यादा असते.

थर्ड पार्टीचा मूळ हप्ता केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते, त्यामुळे तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो. कोणी तो ‘खास आपल्यासाठी’ कमी करून देतो म्हणत असेल, तर पॉलिसीतून काय गाळले आहे ते विचारावे. कार आणि दुचाकीला नवीन खरेदीच्या वेळी अनेक वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ट्रॅक्टरला तसे नाही. त्याचा विमा दरवर्षी स्वतःहून नूतनीकरण करावा लागतो, आणि आपल्या भागातील बरेचसे विमे दुसऱ्याच वर्षी खंडित होतात ते याच कारणाने.

पहिली पायरी: कामांची यादी

एक कागद घ्यावा आणि मागच्या हंगामापासून पुढच्या हंगामापर्यंत ट्रॅक्टर कोणकोणती कामे करणार आहे ते लिहावे. स्वतःच्या रानातील नांगरट, रोटाव्हेटर, सरी सोडणे, पेरणी. शेजाऱ्यांच्या रानात तासाच्या किंवा एकराच्या दराने केलेली कामे. स्वतःचा ऊस कारखान्याला नेणे. दुसऱ्यांचा ऊस कराराने वाहणे. वीट, वाळू, खडी, मुरूम यांची भाडी. गावातील पाण्याचा टँकर. ही यादी प्रामाणिकपणे करणे हा संपूर्ण निवडीचा पाया आहे, कारण पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांतच ‘वापराची मर्यादा’ असा एक रकाना असतो आणि शेतकी ट्रॅक्टरच्या पॉलिसीत तेथे बहुधा शेती व वनकामापुरता वापर असे नमूद केलेले असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी शेतकी ट्रॅक्टरला ‘बिगर-वाहतूक’ वाहन मानले आहे. त्याचा फायदा असा की करापासून फिटनेसपर्यंत अनेक बाबतींत तो ट्रक-टेम्पोपेक्षा सुटा राहतो. मात्र हा फायदा वापर शेतीचा असेतोवरच टिकतो. कारखान्याशी वाहतूक करार करून हंगामभर दुसऱ्यांचा ऊस ओढणारा ट्रॅक्टर, किंवा बांधकामावर खडी टाकणारा ट्रॅक्टर, हा भाड्याने मालवाहतूक करणारा ठरतो, आणि त्याची परिवहन कार्यालयातील नोंदणी व विमा दोन्ही त्या प्रकारचे असावे लागतात. शेतीच्या पॉलिसीवर असे भाडे करताना अपघात झाला, तर विमा कंपनी वापराच्या अटीचा भंग दाखवून अंग काढून घेते. निदान तसा वाद तरी उभा करते, आणि असा वाद न्यायालयात चालत असताना वर्षे जातात.

शेजाऱ्याच्या रानात पैसे घेऊन केलेली नांगरट हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे. काम शेतीचेच आहे, पण मोबदला घेतलेला आहे. येथे एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ‘इतरांच्या शेतात मोबदल्याने केलेली मशागत या पॉलिसीत समाविष्ट आहे का’ एवढा एकच प्रश्न कंपनीला ई-मेलने किंवा लेखी अर्जाने विचारावा आणि आलेले उत्तर पॉलिसीला जोडून ठेवावे. हप्त्यात थोडा फरक पडला तरी योग्य वर्गातील पॉलिसीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. कारण चुकीच्या वर्गातील पॉलिसीवर वाचवलेले पैसे एका दाव्यातही पुरत नाहीत.

दुसरी पायरी: ट्रॉली हे वेगळे वाहन समजावे

ट्रॅक्टरचा विमा काढला की ट्रॉलीचा आपोआप झाला, असे अनेक जण धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली म्हणजे ट्रेलर, आणि त्याची स्वतंत्र व्याख्या, स्वतंत्र नोंदणी व स्वतंत्र क्रमांक असतो. बेळगावची केए-२२, चिकोडीची केए-२३, बैलहोंगलची केए-२४ किंवा गोकाकची केए-४९ अशी मालिका ट्रॅक्टरवर ठळकपणे रंगवलेली दिसते, पण मागच्या ट्रॉलीवर पुष्कळदा काहीच नसते. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेल्या विनानोंदणी ट्रॉलीला विमा मिळवणे अवघड जाते आणि अपघातानंतर तिचे समर्थन करणे त्याहून अवघड जाते.

विमा नसलेल्या ट्रॉलीमुळे किंवा ट्रॉलीवरून पडून झालेल्या अपघातांत कंपनीची जबाबदारी किती, यावर उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात वारंवार वाद झाले आहेत, आणि प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीप्रमाणे निकाल वेगवेगळ्या बाजूंनी गेले आहेत. ज्या प्रश्नावर न्यायालयापर्यंत जावे लागते, त्या प्रश्नावर आपला संसार टांगून ठेवू नये. ट्रॉलीची नोंदणी करावी, तिचा क्रमांक व चासी क्रमांक पॉलिसीत लिहून घ्यावा, आणि त्यासाठीचा जादा हप्ता भरलेला आहे हे हप्त्याच्या तक्त्यात पाहावे. गाळप हंगामात दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून ओढल्या जातात. तशा वेळी दोन्ही ट्रॉल्यांची नावे पॉलिसीत हवीत. भावकीतील दुसऱ्याची ट्रॉली चार दिवसांसाठी आणून जोडली, तरी तिचा विमा आहे की नाही हे जोडण्यापूर्वी विचारावे, आणि त्यात संकोच करू नये.

रोटाव्हेटर, पलटी नांगर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र ही अवजारेही ट्रॅक्टरच्या विम्यात आपोआप येत नाहीत. महागडे अवजार असेल तर किंमत व अनुक्रमांकासह ते स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावे. ट्रॉलीतील माल, मग तो ऊस असो वा वाळलेला कडबा, हा वाहनाच्या विम्यात धरलेला नसतो. लोंबकळत्या वीजतारेला घासून कडब्याची गाडी पेटण्याचे प्रकार आपल्याकडे उन्हाळ्यात घडतात. अशा वेळी ट्रॉलीच्या नुकसानीचा दावा होऊ शकतो, कडब्याचा होत नाही.

तिसरी पायरी: त्यावर बसणारी माणसे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि नव्या मालकाने तो दोनदा वाचावा अशी विनंती आहे. ‘फुल इन्शुरन्स’ या शब्दाने ट्रॅक्टरवरच्या सगळ्या माणसांचे संरक्षण झाले असे वाटते. प्रत्यक्षात ट्रॅक्टरवर किंवा ट्रॉलीत असलेल्या प्रत्येक माणसाचा विचार वेगळ्या खान्यात होतो.

पहिला, स्वतः मालक. थर्ड पार्टी विमा दुसऱ्यांसाठी असतो, त्यातून मालकाला स्वतःच्या दुखापतीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी ‘मालक-चालक सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा’ असतो आणि २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. तो मिळण्यासाठी पॉलिसीवरील मालकाच्या स्वतःच्या नावावर चालू वाहन परवाना असावा लागतो. आपल्या एकत्र कुटुंबांत नेमकी येथेच मोठी फट राहते. कर्ज आणि पहाणी उतारा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतो, म्हणून ट्रॅक्टरही त्यांच्याच नावावर घेतला जातो. त्यांच्याकडे परवाना नसतो आणि ट्रॅक्टर चालवतो मुलगा किंवा पुतण्या. अशा वेळी वडील चालवत नाहीत म्हणून तो विमा त्यांच्या कामाचा नाही, आणि मुलगा नोंदलेला मालक नाही म्हणून त्याच्याही कामाचा नाही. मुलगा तृतीय पक्षही ठरत नाही, कारण मालकाचे वाहन त्याच्या संमतीने चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कर्नाटकातीलच एका प्रकरणात म्हटले आहे.

यावर उपाय आहेत. शक्य असेल तर जो प्रत्यक्ष चालवतो त्याच्याच नावावर ट्रॅक्टर घ्यावा. कर्जामुळे ते जमत नसेल, तर चालवणाऱ्या प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढावा. बँक खात्याला जोडलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत १८ ते ७० वयाच्या व्यक्तीला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण देते. ती तर घरातील प्रत्येकाने घ्यावीच, परंतु ट्रॅक्टर चालवणाऱ्या कर्त्या माणसासाठी तेवढ्यावर थांबणे योग्य नाही. मालकाच्या कारवर किंवा दुचाकीवर १५ लाखांचे हे संरक्षण आधीच असेल, तर ट्रॅक्टरसाठी ते पुन्हा घेण्याची सक्ती नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरा, पगारी चालक. त्याच्याबाबत मालकावर कर्मचारी भरपाईची कायदेशीर जबाबदारी येते. त्यासाठी पॉलिसीत ‘आयएमटी-२८’ या क्रमांकाची जोड, म्हणजे जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला लावलेले कलम, घेता येते आणि तिचा हप्ता इतका किरकोळ असतो की ती नाकारण्याचे कारणच उरत नाही. चालकाच्या वैयक्तिक अपघाताचे संरक्षण ही त्याहून निराळी जोड आहे; दोन्ही विचाराव्यात.

तिसरा, हमाल, ऊसतोड मजूर आणि खत भरणाऱ्या बायका. शेतीच्या कामावर निघालेले मजूर ट्रॉलीत बसतात, उसाच्या मोळ्यांवर बसतात, मडगार्डवर बसतात. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज दुसऱ्या आसनाची नोंद नसते, त्यामुळे मडगार्डवर बसलेल्या माणसाला कंपनी प्रवासी म्हणून मान्य करत नाही. ट्रॉलीतून चढ-उतार करणाऱ्या मजुरांसाठी मजुरांची संख्या सांगून आणि प्रत्येकामागे जादा हप्ता भरून कायदेशीर जबाबदारीची जोड घेता येते का, हे पॉलिसी घेतानाच विचारावे आणि मजुरांची खरी संख्या लिहावी. सहा माणसे कामाला असताना दोन लिहून हप्ता वाचवणे हे उरलेल्या चौघांवर अन्याय करणारे आहे.

चौथे, जत्रेला आणि लग्नाला जाणारी माणसे. मार्गशीर्ष आणि माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराकडे, तसेच चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ट्रॉलीत ताडपत्री बांधून सबंध भावकी निघते. ही परंपरा किती जिव्हाळ्याची आहे याची मला जाणीव आहे. तरीही स्पष्टपणे सांगणे भाग आहे की या माणसांना शेतकी ट्रॅक्टरच्या कोणत्याही नेहमीच्या पॉलिसीत संरक्षण नाही. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विसाहून अधिक वर्षांपूर्वी ठरवून दिले आहे. जादा हप्ता भरून ही उणीव भरून काढता येत नाही. यात्रेसाठी प्रवासी वाहनच करावे, हाच एक उपाय आहे.

परवान्याबद्दल थोडक्यात. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेला चालक मागे ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले आहे, त्यामुळे त्याबाबत घाबरण्याचे कारण नाही. पण परवाना मुदतीत असला पाहिजे. परवाना नसलेल्याच्या हातून अपघात झाल्यास न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला आधी पीडिताचे पैसे भरायला लावते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. दहावीतल्या पोराच्या हातात स्टिअरिंग देणाऱ्या पालकांसाठी तर कलम १९९-अ आहे: अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

चौथी पायरी: ट्रॅक्टरचे स्वतःचे नुकसान

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा एक रुपयाही देत नाही. पॅकेज पॉलिसी, म्हणजे बोलीभाषेतील फुल इन्शुरन्स, अपघात, आग, चोरी, पूर, वीज पडणे, दंगल अशा कारणांनी झालेले नुकसान भरून देते. कर्ज फिटेपर्यंत बँक किंवा फायनान्स कंपनी ती सक्तीची करते. कर्ज फिटल्यावरही निदान पहिली सात-आठ वर्षे ती चालू ठेवावी असे मी सुचवेन. विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार कर्जदाराचा असतो. कर्ज देणाऱ्याने सुचवलेलीच कंपनी घ्यावी असे बंधन नसते, फक्त त्यांचा बोजा पॉलिसीवर नोंदवावा लागतो.

पॉलिसीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे विमित घोषित मूल्य, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात. ट्रॅक्टर चोरीला गेला किंवा दुरुस्तीपलीकडे गेला तर मिळणारी रक्कम याच आकड्यावर ठरते. तो कंपनीच्या त्या वेळच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. समजा ट्रॅक्टरची किंमत ८ लाख आहे आणि त्याला साडेतीन वर्षे झाली आहेत, तर आयडीव्ही सुमारे ४ लाख ८० हजार यायला हवी. हप्ता कमी दिसावा म्हणून एखाद्या कोटेशनमध्ये ती साडेतीन लाख दाखवलेली असू शकते. दोन कोटेशनांची तुलना करताना आयडीव्ही सारखी करूनच हप्ते पाहावेत. पाच वर्षांनंतरचे मूल्य मालक आणि कंपनी यांच्या सहमतीने ठरते. तेव्हा बाजारभाव माहीत करून मगच बोलावे.

दुरुस्तीच्या दाव्यात सुट्या भागांवरही घसारा लागतो. टायर, ट्यूब, बॅटरी, रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर तो ५० टक्के असतो, काचेवर नसतो, आणि धातूच्या भागांवर वाहनाच्या वयाप्रमाणे वाढत जातो. ट्रॅक्टरमध्ये मागच्या टायरांची किंमतच मोठी असल्याने दाव्याची रक्कम अपेक्षेपेक्षा कमी आली म्हणून पुष्कळ जण नाराज होतात. कारण आधीच ठाऊक असले तर निदान फसवणूक झाल्याची भावना तरी राहत नाही. शिवाय व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, रंगकाम अशा भागांचे सुटे नुकसान मुळातच वगळलेले असते आणि ते परत समाविष्ट करण्यासाठी ‘आयएमटी-२३’ ही जोड लागते. ट्रॅक्टरला ठोकर बसली की सर्वांत आधी हेच भाग मोडतात, म्हणून नव्या ट्रॅक्टरसाठी ही जोड घ्यावीच. ट्रॅक्टर शेतात किंवा बांधावरून उलटला तर नुकसान मिळेल का, हाही प्रश्न लेखी विचारण्याजोगा आहे.

नदीकाठच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा यांच्या काठच्या गावांत वाहने पाण्यात गेली. पॅकेज पॉलिसीत पुराचे नुकसान येते. परंतु पाणी ओसरल्यावर इंजिनात पाणी असतानाच मालकाने किल्ली फिरवून पाहिली आणि त्यामुळे इंजिन निकामी झाले, तर कंपनी ते नुकसान पुराचे न मानता नंतरच्या निष्काळजीपणाचे मानते. पाण्यात गेलेला ट्रॅक्टर सुरू करू नये. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि तो ओढून वर्कशॉपमध्ये न्यावा.

पाचवी पायरी: सीमेपलीकडून घेतलेला जुना ट्रॅक्टर

कोल्हापूर, गडहिंग्लज, सांगली, मिरज येथील बाजारातून एमएच-०९ किंवा एमएच-१० क्रमांकाचे जुने ट्रॅक्टर आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. विमा पॉलिसी भारतभर लागू असते, त्यामुळे कर्नाटकातील ट्रॅक्टर ऊस घेऊन महाराष्ट्रातील कारखान्यावर गेला किंवा उलट झाले, तरी केवळ सीमा ओलांडल्यामुळे विमा अवैध होत नाही. अडचण येते ती मालकी आणि नोंदणीची.

वाहन विकले की थर्ड पार्टी विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, पण ट्रॅक्टरच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. त्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. विकणाऱ्याचा ‘नो क्लेम बोनस’ही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, त्याच्याकडेच राहते, त्यामुळे त्या फरकाचा हप्ता भरण्याची तयारी ठेवावी. दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायचे असेल तर कर्नाटकाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० चे फॉर्म आणि ना-हरकतीचा नमुना २८ हे व्यवहाराच्या दिवशीच सही करून घ्यावेत. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेऊन वर्षानुवर्षे जुन्याच नावाने ट्रॅक्टर फिरवण्याची रीत बंद झाली पाहिजे. अपघात झाल्यावर नोटीस जाते ती कागदावरच्या मालकाला, आणि विमा मागताना अडतो तो प्रत्यक्ष मालक.

सहावी पायरी: सही करण्यापूर्वी

पॉलिसी बहुधा इंग्रजीत येते. एजंट आपल्याशी मराठीत किंवा कन्नडमध्ये कितीही आपुलकीने बोलला, तरी बंधनकारक असतो तो छापील मजकूर. घरात शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवून इंजिन व चासी क्रमांक, ट्रॉलीचे क्रमांक, वापराचा वर्ग, आयडीव्ही, प्रत्येक जोडीपुढे लिहिलेला हप्ता, कर्ज देणाऱ्याचे नाव आणि सुरुवातीची तारीख-वेळ तपासावी आणि वाहनाचे तपशील आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, पडताळून पाहावेत. हप्ता चेकने किंवा ऑनलाइन भरावा, रोख देऊन नुसत्या पावतीवर राहू नये.

नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये पंधरा दिवस आधीची लावावी. एक दिवसाचा खंड पडला तरी त्या दिवशीच्या अपघाताला संरक्षण नसते, आणि खंड ९० दिवसांहून लांबला तर साठत आलेला नो क्लेम बोनस, जो पहिल्या दावारहित वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत जातो, संपूर्ण जातो. गाळप हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर पॉलिसी संपत असेल तर विशेष दक्षता घ्यावी. त्या धांदलीत विसर पडतो आणि रात्रीची वाहतूक सर्वाधिक त्याच काळात असते. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आणि दिवा असणे हे विम्याइतकेच गरजेचे आहे. पुणे-बेंगळूरु महामार्गावर निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात अंधारात उभी राहिलेली विनादिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्याच्या जिवावर उठते, आणि तिथे निष्काळजीपणा आपलाच ठरतो.

दावा करण्याची वेळ आली तर

अपघातात कोणी जखमी झाले असेल तर प्रथम दवाखाना, मग पोलीस ठाण्यात वर्दी, आणि त्याच दिवशी कंपनीला फोन व लेखी कळवणे, हा क्रम ठेवावा. गावात बसून परस्पर मिटवामिटवी करून कंपनीच्या नावाने कोणतीही कबुली किंवा रक्कम देऊ नये, कारण पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीच्या संमतीशिवाय केलेली तडजोड तिच्यावर बंधनकारक नसते. ट्रॅक्टर शक्य तितका मूळ स्थितीत ठेवून फोटो काढावेत आणि सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. चोरी झाल्यास पोलीस तक्रारीला एक दिवसाचाही उशीर करू नये. दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, त्या कंपनी मागते. न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती घरात न ठेवता लगेच कंपनीला पोहोचवावी आणि पोच घ्यावी. पीडित कुटुंबालाही हे सांगणे माणुसकीचे आहे की २०१९ च्या दुरुस्तीनंतर भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

कंपनीने दावा नाकारला तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे, आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळूरुला आहे, तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तेथे चालतात. विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या विनाशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीसोबत पॉलिसी, आरसी, परवाना, वर्दीची प्रत, सर्व्हेअरला दिलेली बिले आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेप्रमाणे लावून जोडावा. पॉलिसी घेताना लेखी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे जपून ठेवली असतील, तर तीही याच वेळी जोडावीत.